शिसवी चाक आणि मुशीचं तेल

वसईच्या किनाऱ्यावर पाचूबंदरला आमचं होड्या बांधायचं काम होतं. म्हणजे थोरल्या भावाचं होतं आणि मी त्यात राबत होतो. होडी पाण्यात सोडायच्या दिवशी तिचा मालक सुताराला पुढे बोलावतो, हातात नारळ देतो, डोक्याला पागोटं बांधतो आणि जमलेल्यांना सांगतो, ही होडी यानं बांधली. त्या वर्षीची सगळ्यांत मोठी होडी अर्धी माझ्या हातची होती. तिचं लाकूडही मीच व्यापाऱ्याशी चार दिवस भांडून आणलं होतं. पागोटं मात्र भावानं बांधून घेतलं. मी दोन हात मागे उभा होतो, त्यानं मान वळवून पाहिलं नाही.

"मला का नाही बोलावलंस?" मी नंतर विचारलं.

"पागोटं एक, डोकं एक. तुला कुठं बसवू?" तो हसत म्हणाला. "पुढच्या येळेला तू बांध."

मी हत्यारांची पेटी उचलली ती थेट वसईच्या बाजारामागे एक छपरी भाड्यानं घेऊनच खाली ठेवली.

तिथे मी खिडक्या केल्या, बैलगाड्यांची चाकं केली, चर्चची बाकं केली. काम कधी कमी पडलं नाही, कारण भाव करण्यात मला कोणी हरवत नसे. पण गिऱ्हाईक गेलं की छपरीत फक्त रंध्याचा आवाज. भात मीच शिजवायचा, मीच खायचा. रविवारी प्रार्थना सुटल्यावर रस्त्यानं माणसं घोळक्यानं जात आणि मी दार लोटून करवतीला धार लावत बसे.

अशाच एका रविवारी मुंबईचा एक दातांचा डॉक्टर आला. गिरीजला वाडीत त्याचा बंगला होता आणि बंगल्यात लढाईच्या आधीची, दोनच माणसं बसतील अशी उघडी विलायती गाडी. ती तो किनाऱ्याच्या वाळूवर पळवायचा. तिच्या स्टिअरिंगची कड तडकली होती, तुकडे निघत होते. मधल्या लोखंडी दांड्या शाबूत होत्या. कड त्याला लाकडाची हवी होती.

"मिस्त्री, जमेल?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्यात बैलगाडी येईल," तो म्हणाला.

"मग बैलगाडी पळवा, साहेब."

तो हसला आणि मला कळलं, हा माणूस ठरवून आलाय. मी आकडा निम्म्यावर आणला आणि वर एक अट घातली. चाक बसलं की चार माणसांसमोर, मला शेजारी उभं करून सांगायचं की हे यानं केलं.

"एवढंच?"

"एवढंच. पण विसरायचं नाही."

त्या अटीसाठी मी ते काम फुकटही केलं असतं. हे त्याला कळू दिलं नाही.

बैलगाडीच्या चाकासारखे तुकडे जोडून ही कड टिकली नसती, इतकी ती बारीक. मी शिसवाच्या पातळ पट्ट्या काढल्या, होडीच्या फळ्यांसारख्या वाफेवर मऊ केल्या, गोल साच्याभोवती वळवून एकीवर एक सरसानं चिकटवल्या. पहिल्या दोन वेळा पट्टी मोडली. मी साचा भिंतीवर फेकला, मग उचलून नीट केला. तिसऱ्या वेळी जमलं. सांधा कुठे येतो ते बोटाला कळू नये म्हणून आठ दिवस नुसतं घासत होतो. चाक खुंटीला टांगायचो आणि जेवताना त्याच्याकडे तोंड करून बसायचो. बरं दिसायचं ते.

शेवटी तेल. गाडी उघडी, हवा खारी, सरसाला ओल लागली की तो सुटतो. म्हणून मी मुशी माशाच्या काळजाचं तेल दोन दिवस जिरवलं, जसं आम्ही प्रत्येक होडीला जिरवतो. लाकडाच्या बाजूनं माझं काही चुकलं नव्हतं, आजही तेच म्हणेन. फक्त त्या तेलाला वास असतो हे मला ठाऊक नव्हतं. जन्मापासून ज्याच्यात वाढलो तो वास मला कसा यावा?

एप्रिलमधल्या एका रविवारी डॉक्टरचे मित्र बंगल्यावर जमले. गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. मी धुतलेला सदरा घालून नारळीच्या सावलीत थांबलो. एकजण चाक धरून बसला, कौतुकानं फिरवलं. मग त्यानं हात नाकाशी नेला.

"डॉक्टर, गाडी चालवता की बोंबील वाळवता?"

सगळ्यांनी पाळीपाळीनं हात लावून वास घेतला. हसून हसून एकानं डोळे पुसले. डॉक्टर बंगल्याकडे बघत होता. मी पुढे झालो.

"साहेब, आपलं ठरलं होतं. सांगा."

तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हे यानं केलंय."

हशा पुन्हा उसळला. करार पुरा झाला होता, शब्दाला शब्द. मी कुणाचा निरोप न घेता वाडीतून बाहेर पडलो.

घरी येऊन सोड्यानं हात घासले. आता मला तो वास येत होता. हातांना, सदऱ्याला, उशीला.

दुसऱ्या दिवशी पाय पाचूबंदरकडे वळले. का, ते सांगता येत नाही. किनाऱ्यावर एक नवी होडी उभी होती आणि भाऊ एकटाच फडक्यानं तिला तेल लावत होता. केस बरेच पिकले होते. बातमी माझ्याआधी पोचली होती, हे त्याच्या तोंडावरून दिसलं. तो बोंबलांबद्दल बोलेल म्हणून मी जीभ तयार ठेवली.

त्यानं फडकं पिळलं.

"मोटारचं चाक केलंस म्हनं. सांधा कुठं ठेवलास?"

आठ दिवस मी याच प्रश्नासाठी घासत होतो. पण मला दोन हात मागे उभं केलेलं आठवलं.

"बघायला यायचं होतंस," म्हणालो आणि वळलो. त्यानं हाक मारली नाही. मीही थांबलो नाही.

सांधा लोखंडी दांडीच्या खाली होता. दुसऱ्या कुणी तो कधी विचारला नाही.