बरं म्हणजे हो नव्हे

आमच्या साहेबांना ‘नाही’ म्हणायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्या वेळात मानपाड्याच्या ऑफिसातल्या चहाला आधण येऊन तो उतूही जायचा. समोरचा पगारवाढ मागत असो की शिव्या देत असो, साहेब मान जराशी तिरकी करून ऐकत आणि मधूनच म्हणत, “बरं.” आणखी थोडं ऐकून पुन्हा, “बरं…” म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना बरंसाहेब म्हणायचो. एकदा मी फोनवर कुणाला तरी “बरंसाहेब जेवायला गेलेत” म्हणाले आणि वळून बघते तर हे मागेच उभे. साहेब म्हणाले, “बरं,” आणि डबा धुवायला निघून गेले.

बरं म्हणजे हो नव्हे, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. तरी साहेबांच्या ‘बरं’चं स्वतःचं व्याकरण होतं. पहिलं म्हणजे ऐकतोय. दुसरं म्हणजे कळलं. तिसऱ्यानंतर ते खुर्चीत पुढे सरकत, “आता माझं ऐक” म्हणत, आणि खरं उत्तर तिथून पुढे सुरू होई. ते बहुतेकदा नकारच असे, पण इतक्या सावकाश आलेला नकार कुणाला लागत नसे.

नवी माणसं मात्र फसायची. निनाद नावाचा एक हुशार मुलगा नुकताच लागला होता. बिलाचा सगळा नमुना बदलायची त्याची कल्पना त्याने साहेबांना सांगितली, दोनदा बरं ऐकलं आणि उड्या मारत जाऊन नमुना बदलूनही टाकला. दुसऱ्या दिवशी कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंतचे डॉक्टर फोनवर आमच्या नावाने शंख करत होते. साहेब त्याला एवढंच म्हणाले, “अरे, मी बरं म्हणालो होतो, हो कुठे म्हणालो?” आणि दिवसभर स्वतः फोनवर बसून डॉक्टरांची समजूत घातली. त्या दिवशी निनादला बाजूला घेऊन ‘बरं’चं ते सगळं व्याकरण समजावलं शेखरसरांनी. “याच्या बायकोने उद्या याला ‘मी दुसरं लग्न करते’ सांगितलं ना, तरी हा आधी बरं म्हणेल,” ते साहेबांकडे बोट दाखवून म्हणाले, आणि अख्खं ऑफिस हसलं. पुढे नवीन कुणीही लागलं की हा धडा शेखरसरच द्यायचे. हे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा राग त्यातूनच आलेला आहे.

शेखरसर म्हणजे साहेबांचे भागीदार आणि लहानपणापासूनचे दोस्त. दोघे डोंबिवलीत एकाच चाळीत वाढलेले, एकाच शाळेत मार खाल्लेले. साहेबांचं नाव अनंत, शेखरसर त्यांना सगळ्यांसमोर ‘अन्या’ म्हणायचे. दोघांनी मिळून छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं: केसपेपर, बिलं, औषधांचा साठा, सगळं एका ठिकाणी. डोंबिवली पूर्वेला मानपाड्यात, एमआयडीसीत, एक रंगाचा कारखाना बंद पडला होता, त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. भिंतीला हात लावला तर अजून निळा डाग यायचा. मी कळव्याहून तिथे यायचे आणि फोनची खोली सांभाळायचे. डॉक्टरांचं, कंपाउंडरांचं काही अडलं की ते आम्हाला फोन करत आणि आम्ही आठजणी त्यांना मराठीत सांगत बसू, आता कुठलं बटण दाबा आणि कुठलं अजिबात दाबू नका.

साहेब रोज थोडा वेळ त्या खोलीत येऊन स्वतः एखादा फोन घेत. चिडलेला डॉक्टर असला तर मुद्दाम घेत. एक म्हातारे डॉक्टर तर नुसतं ओरडायलाच फोन करायचे असा माझा पक्का समज होता. साहेब त्यांना बरं बरं म्हणत राहायचे, शेवटी ते डॉक्टर दमून स्वतःच म्हणायचे, “जाऊ दे, माझंच काहीतरी चुकलं असेल, बघा जरा.” मी एकदा विचारलं, “साहेब, तुम्हाला राग कसा येत नाही?” म्हणाले, “अगं मनीषा, भरलेल्या भांड्यात ओतलं की सांडतं. आधी माणसाला रिकामं होऊ द्यावं.” मला ते पटलं होतं. आता वाटतं, काही माणसं रिकामी होतच नाहीत, ती तुमचंही भांडं उचलून नेतात.

मग मोठे गुंतवणूकदार आले, त्यांचे चेअरमन आले आणि वरचं ऑफिस ठाण्याला घोडबंदर रोडवर काचेच्या इमारतीत गेलं. तिथे सगळेजण सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे आणि ‘आपण एक फॅमिली आहोत’ असं दर सोमवारी सांगायचे. ज्या घरात खरंच माया असते तिथे हे कुणी बोलून दाखवत नाही. चेअरमन सभ्य गृहस्थ होते, कधी आवाज चढवायचे नाहीत. पण ठाण्यातही एक मानपाडा आहे, त्याच घोडबंदर रोडला, आणि आमचं ऑफिस तेच असं त्यांना कितीतरी महिने वाटत होतं. “इतक्या जवळ दुसरं ऑफिस हवं कशाला?” असं ते विचारायचे. ज्या ऑफिसला कुलूप लावायचं होतं ते कुठल्या गावात आहे, हेसुद्धा त्या माणसाला ठाऊक नव्हतं. चूक कळल्यावर ते खूप हसले म्हणे. कुलपाचा विचार मात्र तसाच राहिला.

शेखरसर तिथे छान रुळले. आधी शर्ट बदलले, मग भाषा बदलली, आणि एके दिवशी माझ्या कानांवर पडलं, “अनंतजींशी बोलून सांगतो.” डोंबिवलीत वाढलेल्या माणसाने चाळीतल्या दोस्ताला ‘जी’ लावला की खुशाल समजावं, काहीतरी शिजतंय. मी साहेबांना तसं सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, “बरं.” तिसरं बरं येईल म्हणून मी वाट बघत उभी राहिले. ते म्हणाले, “अगं, शेखर आहे तो. पाहुण्यांसमोर बोलत असेल तसं.”

ज्या बैठकीत सगळं झालं तिला मी हजर होते, म्हणजे मला बोलावलं होतं. फोनच्या तक्रारींचे आकडे पडद्यावर दाखवून मी बाजूला बसायचं, एवढंच माझं काम. माझं झाल्यावर चेअरमननी शांतपणे सांगायला सुरुवात केली. मानपाड्याचं ऑफिस बंद करायचं. फोन यापुढे मशीन घेईल, माणसं नकोत. आणि अनंतनी रोजचा कारभार सोडून मार्गदर्शक व्हावं. त्यांच्या इंग्रजीत हे सगळं फार सुंदर वाटत होतं. मान तिरकी करून साहेब ऐकत होते. ऑफिस बंद करायचं म्हटल्यावर म्हणाले, “बरं.” माणसं नकोत म्हटल्यावर म्हणाले, “बरं…” मला हायसं वाटलं. म्हटलं, आता एकच राहिलं, मग बघा कसे खुर्चीत पुढे सरकतात ते.

तिसरं आलंच नाही. चेअरमन थांबले आणि शेखरसरांकडे वळून म्हणाले, “ये ‘बरं’ का मतलब?”

शेखरसरांनी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. म्हणाले, “बरं मीन्स फाइन. ही इज फाइन विथ इट.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही हो सर! बरं म्हणजे हो नव्हे!” चेअरमननी माझ्याकडे पाहून स्मित केलं. “थँक यू, मनीषा,” ते म्हणाले, आणि कुणीतरी माझ्यासाठी दार उघडून धरलं. बाहेर पडताना मी पाहिलं, साहेब शेखरसरांकडे बघत होते. रागाने नाही. कुणाला पत्ता विचारून झाल्यावर आपण जसे वाट बघत उभे राहतो, तसे. मी लिफ्टपाशी पोचते न पोचते तोच सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश आला होता की संस्थापकांनी स्वखुशीने कारभार सोडला असून मानपाडा बंद करायला त्यांची पूर्ण संमती आहे. तो मजकूर आधीच लिहून ठेवलेला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

संचालकांचं मतदान झालं असतं तरी साहेब हरलेच असते, कारण शेखरसर त्या बाजूला गेल्यावर बेरीज कुणाची ते ठरलेलंच होतं. पण साहेबांना हाकललं असं बाहेर कळलं असतं तर डॉक्टर बिथरले असते. म्हणून चेअरमनना खुर्ची तर हवी होतीच, वर तिच्यावरून उठणाऱ्याचं हसूसुद्धा हवं होतं. मी शेखरसरांना लिफ्टपाशीच गाठलं. म्हटलं, “सर, बरं म्हणजे काय हे आम्हाला तुम्ही शिकवलंत.” ते इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, “अगं मनीषा, समजून घे. मतदान झालं असतं तर त्याची किती शोभा झाली असती! मी इज्जत वाचवली त्याची.” ते मला पटवत नव्हते, त्यांना स्वतःला ते पटलेलं होतं.

साहेबांना खुर्ची गेल्याचं फारसं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या जिवाला लागलं ते मानपाडा. तिथल्या माणसांनी तो संदेश वाचला आणि खरा मानला. ज्या माणसाने आपल्याला कामाला लावलं त्यानेच ‘काढा यांना’ म्हणून मान हलवली, असं त्यांना वाटलं. साहेब एकेकाला फोन करत होते, कुणी उचलत नव्हतं. मी सांगायला गेले तर एकीने मलाच सुनावलं, “तू ठाण्याच्या त्या बैठकीत जाऊन बसलीस, तू त्यांचीच बाजू घेणार.”

पुढच्याच महिन्यात निरोप समारंभ ठेवला गेला. घोडबंदर रोडच्या एका हॉटेलात, आणि मानपाड्याच्या माणसांसाठी खास बस. त्यांचाही शेवटचा आठवडा होता तो. एका जेवणात दोन तेरावी उरकायची, म्हणजे खर्च कमी. साहेबांनी येऊ नये असं मला वाटत होतं. मी तसं म्हणाले तर ते म्हणाले, “मनीषा, ती सगळी एका जागी मला पुन्हा कुठे भेटणार?”

शेखरसरांनी साहेबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग भाषण केलं. चाळ आली, शाळा आली, आवाजही योग्य ठिकाणी दाटला. “मोठ्या मनाचा माणूस,” ते म्हणाले, “कंपनीसाठी स्वखुशीने बाजूला झाला.” मागच्या रांगेत आमच्या फोनच्या खोलीतल्या सुनंदाताई उभ्या राहिल्या. मानपाड्याच्याच, तिथल्या मूळ गावच्या, आवाज असा की फोनशिवायही कल्याणला ऐकू जावा.

“साहेब, येक इचारायचंय,” त्या म्हणाल्या. “आमाला काढायला तुमी हो बोललात का? तेवढं सांगा. मंग आमी जेवतो.”

साहेबांच्या हातात माइक नव्हता, कुणी दिलाही नव्हता.

“नाही,” साहेब म्हणाले.

पुढे नाही, मागे नाही, मान तिरकी नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून असा उघडा नकार कधी ऐकला नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत तो स्वच्छ पोचला. शेखरसरांनी लगेच माइक ओढून घेतला. “अनंतजी जरा भावुक झालेत,” ते हसत म्हणाले. “साहजिक आहे. जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत! आणि जेवण तयार आहे.”

आणि टाळ्या वाजल्या. माझा राग आजही सगळ्यात जास्त कुणावर असेल तर त्या टाळ्यांवर आहे. शिकलीसवरली, भल्या घरची माणसं होती ती. त्यांनी तो नकार कानांनी ऐकला, दोन्ही हातांनी बुजवला आणि ताटं उचलून पनीरच्या रांगेत उभी राहिली. आमच्या मानपाड्याचेही काहीजण रांगेत होते. नावं घेत नाही, ज्याची त्याला ठाऊक आहेत. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पानावर शाल पांघरलेल्या साहेबांचा फोटो झळकला, ‘भावपूर्ण निरोप’ म्हणून.

सुनंदाताई सरळ मंचापाशी आल्या. “चला साहेब,” त्या म्हणाल्या. “हितलं पानी पन नको आपल्याला.” साहेबांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला आणि ते आमच्याबरोबर बसमध्ये येऊन बसले. शिळफाट्याला गाडी अडकली. सगळे उपाशीपोटी होते. कुणीतरी पर्समधून चिक्की काढली, ती हातोहात फिरली, साहेबांनीही एक तुकडा घेतला.

सुनंदाताई त्यांच्या मागच्याच सीटवर होत्या. त्या पुढे वाकून म्हणाल्या, “पन साहेब, आज बोललात तसं तवाच का नाय बोललात? त्या मीटिंगमंदी?”

साहेबांनी हातातल्या चिक्कीकडे बघितलं.

“शेखर होता ना गं तिथे,” ते म्हणाले. “मला वाटलं, तो सांगेल त्यांना.”