फोनवरचा होकार

रेघाताईचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं होतं. लहानपणापासून हातात पट्टी आणि पेन्सिल, पुढे नोकरीही घरांचे नकाशे काढायची, म्हणून हे नाव पडलं ते चिकटलंच. पाचव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले. बोलता येत होतं, पण शाळेत एकदा कविता म्हणायला उभी राहिली तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली तोंडावर हात धरून हसल्या. त्या दिवसापासून परक्यांसमोर तिने तोंड उघडलं नाही. घरात भाऊ आणि वहिनी. त्यांच्याशी बोलणं खुणांनी, नाहीतर वहीत लिहून चाले.

नकाशांचं काम ती घरीच लॅपटॉपवर करी. घेऊन चौदा महिने झाले होते, वॉरंटी तीन वर्षांची. एका सकाळी झाकण उघडताना बिजागरीपाशी काहीतरी तुटल्याचं तिच्या बोटांना जाणवलं. कोपऱ्यातलं प्लास्टिक उचकटलं आणि अर्धा स्क्रीन काळा झाला.

"वॉरंटी आहे ना? मग कशाला जीव टांगणीला लावताय," वहिनी तिच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाली.

सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर दाखवायची पाटी बंद होती, नंबर तोंडी पुकारत होते. रेघाताई सगळ्यांच्या ओठांकडे पाहत बसली, तरी तिचा नंबर निघून गेला. पुन्हा चिठ्ठी घेतली, पुन्हा बसली. काउंटरवरचा माणूस स्वतःच्या स्क्रीनकडे बघत बोलत होता. तिने वही पुढे सरकवली तेव्हा त्याने तीन शब्द लिहिले, 'तपासून कळवू. आठवडा.'

आठवड्याने मेल आला. बाहेरून मार बसल्याच्या खुणा आढळल्या, सबब वॉरंटी लागू नाही. सोबत फोटो होता. बिजागरीजवळच्या कोपऱ्यावर नखाएवढा पोचा. असा पोचा तिने कधी पाहिला नव्हता. पण देताना तिने स्वतः फोटो काढून ठेवला नव्हता, ते काही तिला सुचलं नव्हतं.

तिने आठवायला सुरुवात केली. पिशवी दाराला लागली होती का? टेबलाच्या कडेला आपटला असेल का? भावाला तिने तीनदा विचारलं. तो तिन्ही वेळा "नाही" म्हणाला, पण तिसऱ्यांदा जरा थांबून. संध्याकाळपर्यंत तिची स्वतःचीच खात्री डळमळली.

तरी तिने तक्रार लिहिली. उत्तर आलं की आमचे अधिकारी तुम्हाला फोन करतील. तिने कळवलं, मला ऐकू येत नाही, कृपया लिहून विचारा. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन थरथरला. ती तो तळहातावर धरून बघत राहिली. उचलून काय करणार? तो थांबला, मग दोनदा परत आला. घरात दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी मेल आला, 'तीन वेळा प्रयत्न करूनही ग्राहकाने फोन न उचलल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.'

वहिनी एका लाँड्रीच्या काउंटरवर काम करायची. डाग गेला नाही, बटण तुटलं, असली भांडणं तिच्या पाचवीला पुजलेली. मेल वाचून तिने पदर खोचला आणि फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर माणूस आला.

"तुम्ही स्वतः ग्राहक आहात का?"

"नाही, माझ्या नणंदेचा लॅपटॉप आहे. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी बोलतेय."

"मग त्यांची परवानगी लागेल, मॅडम. त्यांना फोनवर द्या. नाव सांगून नुसतं हो म्हणाल्या तरी चालेल."

"अहो, त्यांना तुमचा प्रश्न ऐकूच येणार नाही."

"तुम्ही खुणेने सांगा. पण आवाज त्यांचा हवा. रेकॉर्डिंग होतं ना."

वहिनीने वहीत लिहिलं आणि फोन पुढे केला. रेघाताईने नकारार्थी मान हलवली. वहिनीने तिच्या दंडावर हात ठेवला. मग रेघाताईने फोन तोंडाजवळ धरला आणि दाखल्यावरचं पूर्ण नाव सांगितलं, त्यापाठोपाठ "हो". वहिनीने फोन परत कानाला लावला. रेघाताई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण वहिनीचे ओठ घट्ट मिटलेले आणि मान हळूहळू लाल होत चाललेली तिला दिसली.

"आवाज स्पष्ट नाही म्हणजे?" वहिनी म्हणाली. "बाई बोलली की. तुमच्या वरच्या माणसाला द्या."

वरचा माणूस आला. त्याचा सूर गोड होता. परवानगीचं त्याने सोडून दिलं, पण पोचा फोटोत दिसतोय, त्याला तो काही करू शकत नव्हता. पोचा तुमच्याकडे आल्यावर पडला असेल, असं वहिनी म्हणाली. तसं दाखवणारा काही पुरावा आहे का, त्याने विचारलं. तो नव्हता.

लॅपटॉप दुरुस्त न होता परत आला, खालचा एक स्क्रू कमी होऊन. भावाने कोपऱ्याला चिकटपट्टी लावून पाहिली. झाकण उघडं राही, स्क्रीन अर्धाच. अर्ध्या स्क्रीनवर घर मावत नाही. तिच्या साहेबांनी नकाशे दुसऱ्याला दिले आणि तिला ऑफिसात बोलावलं, प्रिंटरशेजारच्या टेबलावर, जुन्या कागदांवर शिक्के मारायला. नोकरी गेली नाही, एवढंच.

एका रविवारी कपडे वाळत घालताना तिने वहिनीला विचारलं, मी हो म्हणाले तेव्हा तो माणूस काय म्हणाला?

वहिनीने ओला टॉवेल झटकला, मग खुणेने सांगितलं, काही नाही, लाईन खराब होती.

रेघाताईने मान डोलावली आणि दुसरा चिमटा तिच्या हातात दिला.