खंडेनवमीचं कुंकू

झेंडूच्या वासात मशीनच्या तेलाचा वास मिसळला की ती खंडेनवमी आठवते. आईनं पाटावर परवान्याचं पिस्तूल मांडलं होतं आणि वडिलांनी घरी भरलेल्या काडतुसांना तिनंच ओलं कुंकू लावलं होतं. दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर एक काडतूस काही केल्या नीट आत बसेना. वडिलांनी वैतागून मागून तळहातानं ठोकलं आणि ते हातातच फुटलं. उरलेल्या काडतुसांवर कुंकवाची वाळलेली खपली मला दिसली, तशी त्यांनाही दिसली. दवाखान्यात आई रडत म्हणाली, "असं कसं हो झालं?" ते म्हणाले, "माझ्याच हातून दारू जास्त भरली गेली गं." आई आता खंडेनवमीला पाने-पकडी पुजते आणि वडिलांच्या उरलेल्या तीन बोटांनाही कुंकू लावते. ते हात मागं घेत नाहीत.