माणशी एक डबा

व्हर्लिन होडॅपला आमच्या हॅडन गावात कुणी लबाड म्हटलं असतं, तर म्हणणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं. एकतीस वर्षं त्याने काउंटीचे रोलर आणि बर्फ ढकलायच्या गाड्या दुरुस्त केल्या. एखादा स्क्रू चुकून खिशातून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवायचा. अशा माणसाबद्दल बोलायचं तर चांगलंच बोलावं, असं त्याच्या बहिणीचं म्हणणं. पण नुसतं चांगलं ऐकून माणूस कळत नाही, म्हणून मी हे सांगतोय. ते मला खुद्द व्हर्लिननेच सांगितलं, आणि सांगताना एकदाही वर पाहिलं नाही.

जत्रेच्या मैदानावर, ऑगस्टात जिथे गाई-डुकरांना बक्षिसं देतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये, महिन्यातून एकदा बंदुकांचा बाजार भरतो. दारात पोलीस तुमची बंदूक रिकामी आहे ना ते पाहतो, चापाला प्लास्टिकची पट्टी आवळतो, मग आत सोडतो. व्हर्लिनचं टेबल दुसऱ्या रांगेत, चर्चच्या बायका बीन्स आणि मक्याचा पाव विकतात त्या खिडकीजवळ. जुने चाकू, चामड्याची म्यानं, बंदुकीचं तेल असलं काहीबाही तो मांडायचा. विकणं कमी आणि गप्पाच जास्त.

शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको आर्डिथ. अठ्ठावीस वर्षं ती किराणा दुकानात गल्ल्यावर होती. आमच्यातल्या प्रत्येकाचं दूध आणि अंडी तिच्या हाताखालून गेलेली. तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. लेकीला बहिणीच्या नावाने हाक मारायची, वार-तारीख तर कधीच हातची गेली होती. किमतींचं मात्र काय होतं कोण जाणे! एकदा पाहिलेली किंमत तिच्या डोक्यातून जायची नाही. डॉक्टरांनासुद्धा नवल वाटायचं.

त्या हिवाळ्यात आवई उठली की सरकार बंदुकांवर बंदी आणणार, आणि सगळा देश काडतुसांवर तुटून पडला. मोठी काडतुसं गेली तर गेली, पण बावीस नंबरची? ज्यांनी आम्ही खारी मारतो, ज्यांच्यावर पोरं नेमबाजी शिकतात, ती चणेफुटाण्यांसारखी मिळणारी काडतुसं औषधालाही मिळेनात. शेतकी सामानाच्या दुकानात मंगळवारी सकाळी ट्रक यायचा. मॅनेजरने दारावर पाटी लावली : माणशी एक डबा. आठला दुकान उघडायचं, आणि साडेसहापासून म्हातारे थर्मास घेऊन बाहेर उभे. शिव्याशाप आणि थट्टामस्करी चालायची, पण नंबर कुणी मोडायचं नाही. व्हर्लिनही एक डबा घ्यायचा आणि घरी यायचा.

मग फेब्रुवारीच्या बाजारात लुइव्हिल शहराचा कुणी अनोळखी माणूस त्याच्या टेबलापाशी थांबला. व्हर्लिनने स्वतःच्या पिशवीतला डबा सहज टेबलावर ठेवला होता. त्या माणसाने न विचारता पंच्याहत्तर डॉलर पुढे केले. दुकानातली किंमत एकवीस सत्त्याण्णव. व्हर्लिनने पैसे घेतले, आणि ते पंच्याहत्तर त्याच्या डोक्यात जाऊन बसले.

पुढच्या मंगळवारी तो आर्डिथला घेऊन रांगेत आला.

तिला घरी एकटी ठेवता येत नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. पण आधी दर मंगळवारी शेजारीण येऊन बसायची, आणि या वेळी त्याने तिला येऊ नको म्हणून कळवलं होतं. हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

लाल कोट घालून आर्डिथ उभी राहायची. कुडकुडत विचारायची, "व्हर्लिन, कोण गेलं रे? आपण कुणाच्या मयताला आलोय का?"

"नाही गं. दुकान उघडायचंय."

"मग किल्ली कुणाकडे आहे? मी कामावर उशिरा पोचले तर साहेब ओरडतील."

सगळे हसायचे. तीही हसायची. मर्ल किक्समिलर तेवढा हसायचा नाही. मर्ल म्हणजे शेतकी क्लबाच्या मुलांना नेमबाजी शिकवणारा, धिप्पाड पण मऊ मनाचा माणूस. तो गाडीतून आपली घडीची खुर्ची आणायचा. "बस गं आर्डिथ. माझे गुडघे अजून शाबूत आहेत."

तिसऱ्या मंगळवारी ट्रकमध्ये चौदाच डबे निघाले. दुकानातली टोन्या नावाची पोरगी रांग मोजत आली. व्हर्लिन तेरावा, खुर्चीवरची आर्डिथ चौदावी, आणि खुर्चीमागे मर्ल.

टोन्याने खाली वाकून विचारलं, "मिस आर्डिथ, तुम्हालाही हवाय का डबा?"

आर्डिथने व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिनने होकाराची मान हलवली.

"हवाय ना," ती म्हणाली.

आर्डिथ उठल्यावर मर्लने खुर्ची मिटली. "चला, पुढच्या मंगळवारी बघू. व्हर्लिन, तिचे पाय शेक हं घरी गेल्यावर. बर्फ झाले असतील."

'हा घे माझा' एवढं म्हणायचं होतं. व्हर्लिन सांगतो, शब्द तोंडाशी आले होते. पण जीभ रेटली नाही, आणि तेवढ्यात मर्लची गाडी वळून गेलीसुद्धा.

शनिवारी बाजार. तीन मंगळवारचे सहा डबे व्हर्लिनने टेबलावर रचले आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ७५. शेजारचे टेबलवाले ऐंशी घेत होते. त्यांच्याहून आपण बरे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

दहाच्या सुमाराला मर्ल आला. पुठ्ठा वाचला. पुन्हा वाचला.

"पंच्याहत्तर, व्हर्लिन?"

"बाजारभाव आहे बाबा. मी थोडाच ठरवतो?"

"चार तारखेला मुलांची स्पर्धा आहे. अकरा पोरं, आणि माझ्याकडे अर्धा डबा. काठीने ठो-ठो करायला लावू का त्यांना?"

"सगळीकडे तेच चाललंय, मर्ल."

"ते दिसतंय की." मर्लने पाकीट काढलं आणि नोटा काढायला लागला. व्हर्लिनने त्याला थांबवलं नाही. हे लिहिताना मलाच लाज वाटते, पण नाही थांबवलं.

आर्डिथ उठली.

"थांब बाळा," ती मर्लला म्हणाली. डबा उचलून तिने फिरवून पाहिला, आणि किती वर्षांत ऐकला नव्हता असा तिचा गल्ल्यावरचा खणखणीत आवाज आला. "एकवीस सत्त्याण्णव. कर धरून तेवीस एक्कावन्न."

"आर्डिथ, बस गं," व्हर्लिन म्हणाला.

"बस काय बस? गिऱ्हाईक खोळंबलंय." मग मर्लकडे वळून, "आणि माणशी एकच हं. पाटी लावलीय दारावर. आम्ही मंगळवारी आणले हे, मी स्वतः उभी होते थंडीत. त्यांनी मला वेगळा दिला आणि ह्यांना वेगळा."

बीन्स वाढणाऱ्या बाईची पळी हवेतच थांबली. आजूबाजूचे टेबलवाले जिभा चावून खाली बघायला लागले. व्हर्लिनच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं म्हणाला.

मर्लने तेवीस डॉलर एक्कावन्न सेंट मोजून तिच्या हातात दिले. तिने आभार मानले, दिवस चांगला जावो म्हणाली. मागे आणखी कुणी येऊन उभं राहिलं. मग आणखी कुणी. पत्र्याच्या शेडमध्ये रांग लागली, आणि आर्डिथने त्याच किमतीला सहाच्या सहा डबे विकले. सुटे पैसे परत देताना एकदासुद्धा चुकली नाही.

व्हर्लिनला तिला अडवता आलं असतं. फक्त चार लोकांत म्हणावं लागलं असतं की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, हिचं ऐकू नका. आणि ती तर अक्षर न् अक्षर खरं बोलत होती. म्हणून तो मूग गिळून बसला.

जाताना मर्ल त्याच्यापाशी वाकला. "मला वाटायचं, ती घरी एकटी राहत नाही म्हणून आणतोस."

"तसंच आहे."

"हो का," मर्ल म्हणाला आणि गेला.

रविवारी व्हर्लिन चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला. सोमवारी त्याने ठरवलं की आता रांग बंद. तिला पुन्हा त्या थंडीत न्यायचं नाही. झालं गेलं ती विसरूनच गेली असणार, निदान तेवढं तरी बरं, असं त्याला वाटलं.

मंगळवारी सहाला तो स्वयंपाकघरात आला, तर आर्डिथ लाल कोट घालून दाराशी बसलेली. मफलर, हातमोजे, बूट, सगळं अंगावर. जिला स्वतःचा वाढदिवस सांगता येत नव्हता, तिने विचारलं, "मंगळवार आहे ना आज?"

"आपल्याला नाही जायचं, आर्डिथ."

"का रे? बाजारात काही चुकलं का माझं? किंमत चुकीची सांगितली?"

"नाही गं. तू बरोबर सांगितलीस."

"मग चल की. मी नसले तर तुला एकच मिळतो."

तिला काही कळत नाही, ह्याच्याच जिवावर त्याने तिला तीन मंगळवार थंडीत उभं केलं होतं. आणि ती तर त्याच्या उपयोगी पडतेय ह्या आनंदात अंधारात उठून तयार होऊन बसली होती. तो तिचे बूट काढायला खाली बसला, पण तिने काही केल्या काढू दिले नाहीत.