मागची पायडल मारत नाही

जोडसायकल रस्त्यावर दिसली की आमच्याकडे कुणाच्याच जिभेला राहवत नाही. पुढे नवरा, मागे बायको, दोघांची पायडलं एकाच चेनने बांधलेली, आणि कडेला उभा असलेला कुणीही, ओळखीचा असो की परका, ओरडणारच, "अहो पुढचे! मागची पायडल मारत नाहीय हं!" मग पुढच्याने हसायचं, मागचीने हात हलवायचा. आजोबा-पणजोबांच्या वेळचा विनोद. त्याला आता खरं हसू कुणालाच येत नाही, पण तो केला नाही तर कुणी शिंकल्यावर 'देव बरं करो' म्हणायचं राहून गेल्यासारखं वाटतं.

डाउवेला हा विनोद चार वर्षं रोज ऐकायला मिळाला. कालव्यावरच्या पुलाचा राखणदार तर त्याची वाटच बघत असे. डाउवेचं उत्तरही ठरलेलं होतं, "मागची म्हणजेच माझी मोटर आहे!"

आणि ते खोटंही नव्हतं. हिस्केचे पाय साऱ्या पंचक्रोशीला माहीत होते. ती समुद्र अडवणाऱ्या बांधाजवळच्या गवळ्याची मुलगी. डाउवे लहानपणापासून दम्याचा, हडकुळा. दोघं नऊ किलोमीटरवरच्या शाळेत सायकलने जायचे. समोरून वारा सुटला की ताकदवानाने दुबळ्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला ढकलत न्यायचं, अशी आमच्याकडची रीत. बहुतेक वेळा मुलगा मुलीला ढकलतो. यांच्यात उलटं होतं. हिस्के एका हाताने सायकल धरायची आणि दुसरा हात डाउवेच्या कमरेच्या जरा वर टेकवून त्याला वाऱ्यातून पार करायची. पोरं ओरडायची, "हिस्के, वासरू बाजारला नेतेस का गं?" डाउवेचे कान लाल व्हायचे, पण तो कधी पुढे पळाला नाही. म्हातारपणीही सांगायचा, "पाळकांनी लग्न नंतर लावलं. माझं लग्न त्या हाताने लावलं."

पुढे तो लोण्याच्या कारखान्यात बॉयलरवर लागला आणि चाळीस वर्षं तिथेच राहिला. हिस्के एकतीस वर्षं गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन आंघोळ घालायची. काळी सायकल, मागे टॉवेलांची पिशवी. पाऊस, बर्फ, काहीही असो, सात वाजता ती बांधावर दिसायचीच. कितीतरी माणसं तिच्या हाताखालून गेली. स्वतःचं नाव विसरलेली, नवऱ्याला चोर समजणारी, सगळी तिने पाहिली.

म्हणून डॉक्टरांनी जेव्हा तिच्याच विसरण्याला आजाराचं नाव दिलं, तेव्हा तिने रडणं-बिडणं केलं नाही. घरी येऊन कॉफी केली, दोघांना एकेक बिस्किट काढलं, डबा बंद केला आणि समोर बसली.

"डाउवे, नीट ऐक. आज मला सगळं कळतंय, उद्याचं माहीत नाही. मी पायडल मारतेय तोवर मला या घरातून हलवायचं नाही."

"कोण हलवतंय तुला?"

"पुढचं ऐक की. माझे पाय थांबले की हट्ट करायचा नाही. पुष्कळ घरं पाहिलीत मी. म्हातारा बायकोला धरून बसतो, आणि मग एका खाटेची गरज असते तिथे दोन लागतात. तसं करायचं नाहीस. हो म्हण."

"हिस्के..."

"हो की नाही?"

"हो," डाउवे म्हणाला.

आमच्याकडे शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. त्याहून जास्त काही लागतं ते सैतानाकडून येतं, असंच लहानपणापासून शिकवलेलं. हिस्केने मान हलवली आणि कप धुवायला घेतले.

वर्षभराने ती एका सकाळी तीन गावं पलीकडे सापडली. एका घराच्या दारात काखेत टॉवेल घेऊन उभी होती. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या बाईला आंघोळ घालायला आली होती. त्यानंतर डाउवेने तिची काळी सायकल गोठ्यात ठेवली आणि एका जोडप्याकडून जोडसायकल घेतली.

मग रोजचा नेम झाला. साडेदहाला कॉफी झाली की निघायचं. पूल, बांधाखालचा सरळ रस्ता, पुढच्या गावचं देऊळ, आणि परत. चौदा किलोमीटर. रविवारी मात्र नाही. त्या दिवशी पायी देवळात. हिस्के पुढे बाजारातल्या वस्तू विसरली, शेजारणीचं नाव विसरली, मग मुलीचंही. पण स्तोत्रं विसरली नाही आणि पायडल मारणं विसरली नाही. डाउवेला मागचा तिचा जोर तळपायाला कळायचा. एखादं वळण घेतलं आणि वारा तोंडावर आला की मागून असा दणका बसायचा की त्याला आपले पाय आवरावे लागायचे.

"आज कुणी जास्त मारलं?" घरी आल्यावर तो विचारायचा.

"मीच," ती म्हणायची. "तू तर नुसता देखावा बघत होतास."

त्याला तेवढ्यावर रात्रीची झोप लागायची.

या मार्चमध्ये त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. सायकलवाला ऊने म्हणाला, "मोटर बसवू या. तू पायडल मारत राहायचं, ती जोर पुरवते." मोटर बसली. पहिल्याच दिवशी सायकल अशी पळाली, जणू आमच्या सपाट मुलखात कुणी उतार आणून टाकलाय. हिस्के मागे लहान मुलीसारखी हसली. डाउवेने मनात देवाचे आभार मानले, की आणखी काही वर्षं मिळाली.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही. किंवा आली असेल, तर त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तळपायाला आता काहीच कळत नव्हतं. मोटर सगळं सारखं करून टाकत होती. पुढची पायडलं फिरली की चेनने बांधलेली मागचीही फिरतात. त्यांच्यावर नुसते ठेवलेले पायही फिरतात.

घर दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं. हिस्के कपडे घालू देईना. एकदा तिने त्याला परका समजून दाराबाहेर ढकललं, त्याचं मनगट सुजलं. मुलगी वीत्स्के दर शनिवारी शहरातून यायची. आईला ती मेम म्हणते, बापाला हाइत, इथली सगळी मुलं म्हणतात तसं.

"हाइत, खुंटीला शर्ट टांगल्यासारखे दिसताय तुम्ही. जेवता की नाही?"

"जेवतो. कालच वाटाण्याचं सूप केलं होतं."

"विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या घरात मेमसाठी एक खोली रिकामी झालीय. पंधरा दिवसांत सांगायला हवं, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतील."

"देऊ देत. तुझी आई अजून पायडल मारतेय."

वीत्स्केला त्या दोघांमधलं 'हो' माहीत होतं.

त्याच आठवड्यात डाउवे चेनला तेल घालून घ्यायला ऊनेकडे गेला. ऊनेने विचारलं, "बॅटरी किती दिवस जाते रे?"

"आधी तीन दिवस जायची. आता रोज लावावी लागते. खराब दिलीस वाटतं मला."

"बॅटरी मी तपासलीय. चांगली आहे." ऊने म्हणाला. "रस्ता तोच ना? मध्ये डोंगर-बिंगर उगवला नाही ना?"

"वारा असतो, बाबा."

"वारा काय मार्चमध्ये नव्हता?" ऊनेने चिंधीला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला. "डाउवे, मागची पायडल मारत नाहीय."

डाउवे हसला. "मागची म्हणजेच माझी मोटर!"

ऊने हसला नाही. पण विनोदाला हसलं नाही म्हणून कुणी थांबून विचार करतं का? डाउवे सायकल घेऊन घरी आला.

शनिवारी वीत्स्के आपल्या सायकलने त्यांच्या मागोमाग आली. घरी आल्यावर तिने आईचा कोट उतरवला, तिला खुर्चीत बसवलं, आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"हाइत, मेम पाय फिरवत नाही. नुसते ठेवलेले असतात. वळणावर डावा पाय खाली घसरला, तर पायडल रिकामं फिरत राहिलं."

"सगळ्या गावाने तेच लावलंय. आता तूही सुरू कर!"

"मी विनोद नाही करत, हाइत."

"तिने एकतीस वर्षं सायकल मारली! तुझा जन्म व्हायच्या आदल्या दिवशीसुद्धा!"

"माहीत आहे मला," वीत्स्के म्हणाली, आणि रडायला लागली. डाउवेला तिच्या जवळ जाता आलं नाही. तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिला.

जेवणानंतर नेहमीप्रमाणे त्याने बायबलमधलं वचन वाचलं. प्रार्थनेला हात जोडले. "प्रभू, तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणाला. हिस्केने शेजारून मोठ्याने "आमेन" म्हटलं.

खरं काय ते कळायला एक साधा उपाय होता, आणि तो त्याला एप्रिलपासून ठाऊक होता.

मंगळवारी ऑक्टोबरातला चांगलाच वारा होता. बांधाखालच्या सरळ रस्त्यावर, जिथे माणूस नाही, नुसत्या मेंढ्या आहेत, तिथे डाउवेने मोटर बंद केली. सायकल एकदम जड झाली. दातावर दात दाबून त्याने ती शंभरेक पावलांएवढं अंतर ओढली. गुडघ्यात सुया टोचत होत्या.

"हिस्के, जरा जोर लाव गं."

"लावते की!" मागून खुशीतला आवाज आला.

मग त्याने आपले पाय सैल सोडले. काढले नाहीत, पायडलांवरच ठेवले, पण त्यांत जीव ठेवला नाही. आता जे काही फिरेल ते तिचं असेल. अर्धा फेरा पुरे होता. अर्ध्या फेऱ्यावर त्याने आणखी एक हिवाळा काढला असता.

पायडलं जागच्या जागी थांबली. चाकातली टिकटिक तेवढी ऐकू येत होती. ती हळू झाली. मग आणखी हळू. मेंढ्यांनी मान वर करून पाहिलं. सायकल डुलायला लागली, तसा डाउवेने पाय खाली टेकवला.

तो मागे वळला नाही. त्याला वळवेना.

आणि तेवढ्यात त्याच्या पाठीवर हात पडला. कमरेच्या जरा वर, डावीकडे, बोटं पसरलेली. साठ वर्षांत त्या हाताने आपली जागा बदलली नव्हती.

"दमलास होय रे?" हिस्के म्हणाली. "केवढा वारा सुटलाय! थांब, मी ढकलते तुला. घंटा व्हायच्या आत पोचू आपण."

आणि ती ढकलायला लागली. मागच्या सीटवर बसून, आपले पाय स्वस्थ ठेवून, ती त्याला सगळ्या ताकदीने शाळेकडे ढकलत होती. डाउवेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वारा ते कानांकडे नेत होता. त्याने पाय उचलला, पायडलावर ठेवला आणि दाबला. मोटर लावली नाही. मोटरच्या वेगाने गेला असता तर लवकर घर आलं असतं.

पुलावर राखणदार खोपट्यातून बाहेर आला, तोंडाभोवती हात धरून ओरडला, "डाउवे! मागची पायडल मारत नाहीय हं!"

डाउवे थांबला. एवढ्या वर्षांत जोडसायकलवाला कुणी त्या विनोदाला थांबला नव्हता.

"हो," तो म्हणाला. "नाही मारत."

राखणदाराचे हात तसेच तोंडाभोवती राहिले. मग त्याने टोपी काढली.

घरी आल्यावर डाउवेने हिस्केला कॉफी दिली, बिस्किट दिलं. मग वीत्स्केला फोन लावला आणि एकच शब्द बोलला. तिला कळलं.

खोली मिळाली. सोमवारी वीत्स्केने मोटारीतून नेलं. हिस्के जाताना टॉवेलांची पिशवी मागत होती; डाउवेने ती मांडीवर दिली, तेव्हा ती निश्चिंत झाली. तिला वाटलं, कामावर निघालीय.

आता डाउवे रोज साडेदहाला तिच्याकडे जातो. बॅटरी त्याने काढून फडताळात ठेवली आहे. ऊने म्हणाला, "अरे, आता तरी एकट्याची सायकल घे. ही अर्धी रिकामी कशाला ओढतोस? गुडघे जातील तुझे." डाउवे म्हणाला, "बघू." सायकल घेतली नाही. पुलावरचा राखणदार त्याला हात करतो, ओरडत नाही. मागची पायडलं चेनबरोबर फिरत असतात.

ती खिडकीजवळ बसलेली असते. कधी ओळखते, कधी नाही. काल त्याचे विस्कटलेले केस पाहून तिने विचारलं, "फार वारा होता का हो बाहेर?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अहो-जाहो केलं.

"होता," डाउवे म्हणाला.

"तोंडावर?"

"तोंडावरच."

"अगंबाई," ती कळवळून म्हणाली. "आणि ढकलायला कुणी नाही तुम्हाला?"

डाउवेने तिचा हात हातात घेतला, उघडला, आणि बराच वेळ तसाच धरून बसला.