वजीरचा खुराक

समजा, तुम्ही सांगलीच्या एका प्राणी निवाऱ्यातून ग्रेट डेन जातीचा कुत्रा घरी आणताय. अजून वर्षाचाही नाही, पण उभा राहिला तर टेबलावरचं ताट सहज चाटेल. फ्लॅटमध्ये आवरेना म्हणून आधीच्या मालकानं सोडलेला. असं दांडगं पोर तुम्ही कसं वाढवाल?

विट्याजवळच्या लालासाहेबांना उत्तर पाठ होतं. ते जुने पैलवान. पोरगं घडवायचं म्हणजे खुराक आणि मेहनत, एवढं तालमीनं त्यांना शिकवलं होतं.

निवाऱ्यातल्या श्रद्धानं बजावलं होतं, "काका, याला पळवू नका. मोठ्या जातीची हाडं भरायला वेळ लागतो. मी बघायला येईन. हाल दिसले तर परत नेईन."

"व्हय की," म्हणत लालासाहेब त्या कुत्र्याला, वजीरला, टेम्पोत घालून घेऊन आले.

लगेच म्हशीचं दूध आणि तुपात चुरलेली भाकरी सुरू झाली. सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पुढं लालासाहेबांची मोटारसायकल, मागं वजीर. गुडघे कधीच गेले होते, त्यामुळं लालासाहेबांना स्वतःला पळता येत नव्हतं.

"आवं, जत्रंत कुस्ती धरायचीया का त्याची?" बायको अंजना दारातून विचारायची.

"तुझ्या भावासंगंच लावतो. पयल्याच डावात चीत हुतोय बघ!"

मग एक दिवस वजीर पुढचा पाय उचलून धरायला लागला. लालासाहेबांनी तेल लावून पाय चोळला. त्यांचे वस्ताद म्हणायचे, 'दुखतंय म्हंजे वाढतंय.' तेच त्यांनी वजीरच्या कानात सांगितलं आणि गाडी सुरू केली. पुलापर्यंत वजीर लंगडत आला. तिथं बसला तो उठेचना. नजर मात्र गाडीवरच.

"त्या पोरीला कळवू नगा," अंजना म्हणाली. "न्हेल की ती त्याला. घरातच बरा करू."

"माज्या हातनं झालंय हे," असं म्हणून लालासाहेबांनी श्रद्धालाच फोन लावला.

सांगलीत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडाच्या टोकाजवळ बारीक काळी रेघ होती.

"हे मोडलेलं नाही. हा कोवळा भाग आहे, हाड इथूनच वाढतं. वाढ पुरी झाली की रेघ भरून येते. तोवर जास्त भार पडला तर इथंच इजा होते. वेळेवर आणलात. आता आराम, आणि तूप-दूध बंद."

"न्यायचा आसंल तर ने, पोरी," लालासाहेब श्रद्धाला म्हणाले. "तू सांगितलं हुतंस. मीच आयकलं न्हाई."

"लपवलं असतंत तर नेला असता," ती म्हणाली. "राहू दे तुमच्याकडंच. पण गाडीमागं पुन्हा नाही."

लालासाहेबांची नजर एक्स-रेवरून हलेना. "डॉक्टर, माणसाच्या पोरालाबी आसती ही रेघ?"

"असते की. सोळा-सतरापर्यंत तरी."

लालासाहेब बाराव्या वर्षी तालमीत गेले होते. पाठीवर दुसरं पोरगं घेऊन बैठका मारायचे. गुडघे धरून रडायला लागले की वस्ताद स्वतःच्या वाटणीचं दूध त्यांना पाजायचे, डोळे पुसायचे आणि पुन्हा बैठकांना उभं करायचे.

ते बाहेरच्या बाकावर टेकले. वजीरनं त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. श्रद्धा शेजारी येऊन बसली.

"लय जीव हुता गं वस्तादांचा माझ्यावर," ते म्हणाले. "त्यांना ही रेघ कुणी दावली आसती, तर मला बसू दिलं आसतं का त्यांनी?"