तिसरी वाटी

निरगुडसरला माझ्या माहेरची विहीर खोल करायला घेतली, तेव्हा तळाच्या काळ्या कातळातून हिरवट-करडे गोटे निघाले. काही फुटलेले होते आणि त्यांच्या आत पांढऱ्या रेघांची नक्षी दिसत होती. माझ्या धाकट्या भावाने ते बांधावर टाकून दिले. माझ्या नवऱ्याने त्यातला एक धुतला, उन्हात फिरवून फिरवून बघितला आणि निघताना पोतंभर गोटे गाडीवर बांधून जुन्नरला आणले.

यांचं मोटारी रिवाइंडिंगचं काम. घराच्या मागे पत्र्याची शेड, तिला शटर, आत जळालेल्या पंपांची रांग. संध्याकाळी मोबाइलवर काहीबाही बघत बसायची सवय. त्यातच कुठे तरी त्यांनी दगडाचे गोल गोळे करणारं यंत्र पाहिलं. तीन मोटारी तीन बाजूंनी, प्रत्येकीच्या तोंडाला एक वाटी, आणि तिन्ही वाट्यांच्या मधे दगड. वाट्या फिरतात तसा दगडही सगळ्या बाजूंनी फिरतो, झिजत झिजत गोल होतो. मोटारी घरात होत्याच. सांगाडाही यांनी जोडला. अडलं ते वाट्यांवर.

वाटी म्हणजे पाइपाच्या टोकाला बसवतात ती लोखंडी टोपी. पण नुसत्या लोखंडाने असला दगड झिजत नाही. वाटीच्या काठावर हिरा लागतो. हिरा म्हटल्यावर माझा हात आपोआप कानाकडे गेला, तेव्हा हे हसले. फरशी कापायच्या चकतीच्या कडेला करड्या रंगाचे तुकडे असतात, त्यांत हिऱ्याची पूड असते. फरशीवाल्यांनी फेकलेल्या चकत्या यांनी गोळा केल्या आणि तुकडे काढून माझ्यापुढे ताटात ठेवले. मी साड्यांना फॉल-पिको करते, गोंडे बांधते. बारीक काम माझ्याकडे आलं. काठाला फ्लक्सची, म्हणजे झाळ नीट धरावी म्हणून लावतात ती, पांढरी पेस्ट लावायची आणि चिमट्याने एकेक तुकडा आतल्या बाजूला झुकवून बसवायचा. दोन वाट्यांपुरते तुकडे झाले. तिसरीसाठी आणखी चकत्या मिळवायच्या होत्या.

तुकडे पक्के करायला माझा तोच धाकटा भाऊ आला. त्याचं वेल्डिंगचं दुकान, उसाच्या ट्रॉल्या जोडण्यात हात बसलेला. टोप्यांवर जस्ताचा मुलामा होता, तो त्याने आधी सगळा घासून काढला. जस्ताचा धूर त्याला ठाऊक होता. धूर लागला की संध्याकाळी हुडहुडी भरते, सकाळपर्यंत उतरते, असं त्याने मला समजावून सांगितलं. झाळायच्या चांदीच्या कांड्याही त्यानेच आणल्या होत्या. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या कुणीतरी दुकान बंद करताना त्याला दिलेल्या. लोण्यासारखी पसरते म्हणाला.

ते दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे होते. सकाळपासून वारं सुटलेलं. गॅसची ज्योत धरेना, म्हणून भावाने शटर जवळजवळ खालपर्यंत ओढलं आणि पंखा बंद केला. हे यंत्रासाठी पट्टा आणायला बाजारात गेले होते. पहिल्या वाटीला मी आत उभी होते. फ्लक्स आधी साबुदाण्यासारखा फुगला, मग काचेसारखा निवळ झाला. कांडी टेकवली आणि चांदी काठाभोवती पळत गेली. इतकं सुंदर दिसलं की मी वाकून बघायला लागले. तेवढ्यात जिभेवर जुनं नाणं चोखल्यासारखी चव आली. ज्योतीच्या वर तांबूस-पिवळा धूर धरला होता. घसा खवखवला.

मी त्याला म्हटलं, "हा धूर काही बरा दिसत नाही."

"जस्त राहिलं आसंल कुटं तरी थोडं," तो म्हणाला. "तू जा भाहेर, आक्का. एकच राहिलीया."

मी स्वयंपाकघरात आले. भाकरी थापताना खिडकीतून शेड दिसत होती. शटरच्या फटीतून धूर बाहेर येत होता, पण वर जात नव्हता. जमिनीला धरून हळूहळू अंगणात पसरत होता आणि मग वाऱ्याने एकदम नाहीसा व्हायचा. मला तेव्हा कशाची भीती वाटली ते सांगता येणार नाही. मी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा त्याने आतून ओ दिली.

बाहेर आला तेव्हा तो अगदी चांगला होता. तोंड धुतलं, पोटभर जेवला. दोन्ही वाट्या हातात घेऊन काठावरून बोट फिरवत होता आणि एकही तुकडा हलत नाही हे यांना दाखवत होता. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हाच त्यातला वाईट भाग. त्या वेळी माणसाला काही कळत नाही.

चारच्या सुमाराला, उन्हात पत्रा तापलेला असताना, त्याने माझ्याकडे गोधडी मागितली. दात वाजत होते आणि तरी हसत होता. बघ, जस्तच निघालं, उद्या सकाळी उतरतंय. मलाही थोडी कणकण होती. गल्लीतल्या डॉक्टरांना त्याने स्वतःच जस्ताचं सांगितलं. त्यांनी तापाच्या गोळ्या दिल्या, आणि बाकी काय लागलं तर सकाळी या म्हणाले.

सकाळी माझी कणकण गेली होती. त्याचा ताप उतरला नव्हता. तो खाटेवर पुढे झुकून, गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. चहाचा घोट घ्यायला श्वास थांबवावा लागतो, तेवढाही त्याला थांबवता येत नव्हता. कप त्याने तसाच खाली ठेवला. मी त्याची नखं बघितली. जांभळी पडायला लागली होती.

यांनी गाडी ठरवली. निघता निघता काय मनात आलं कोण जाणे, शेडमधली एक कांडी पिशवीत घालून बरोबर घेतली. मी मागच्या सीटवर त्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसले. नारायणगाव गेलं, मंचर गेलं. दोन्हीकडे ऊस, टोमॅटोच्या गाड्या, रोजचीच माणसं रस्त्याच्या कडेला उभी. त्याच्या छातीतून हुक्क्यात पाणी गुडगुडावं तसा आवाज येत होता. राजगुरुनगरच्या अलीकडे तो अगदी हळू म्हणाला, "आक्का, आत कायतरी भरतंय."

पुण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी जस्ताचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही, दुसरं काय तापवलं होतं? यांनी पिशवीतून कांडी काढून पुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही, टेबलावर ठेवायला सांगितली. असल्या काही जुन्या कांड्यांत कॅडमियम असतं, तापलं की त्याचा धूर होतो, तो फुप्फुसं आतून भाजून काढतो. आता ऑक्सिजन देऊ, औषधं देऊ. बाकी त्याचं शरीर काय करतं ते बघायचं.

माझी भावजय तोवर गावाहून आली होती. तिने कुणाला काही विचारलं नाही, मला दोषही दिला नाही. काचेच्या दारासमोर मांडी घालून बसली. आत त्याची छाती भात्यासारखी खालीवर होत होती. पुढचे काही दिवस आम्ही त्याचे श्वास मोजण्याशिवाय दुसरं काही केलं नाही. मग एके दुपारी त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून पाणी मागितलं, आणि भावजय पहिल्यांदा रडली.

तो वाचला. पण फुप्फुसांवर वण राहणार, ते वाढतील की नाही हे आज सांगता येत नाही, असं त्याला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आगीच्या, धुराच्या जवळ पुन्हा जायचं नाही.

आम्ही शेड उघडली. खिडकीच्या कट्ट्यावर, पंपांवर पिवळट-तपकिरी पूड बसली होती. नाकातोंडाला फडकी बांधून ओल्या कपड्याने सगळं पुसून घेतलं. उरलेल्या कांड्या कुठे टाकाव्यात हे कुणाला नीट सांगता येईना. विहिरीत नको, उकिरड्यावर नको. शेवटी यांनी त्या एका डब्यात घालून डब्याचं झाकण डांबराने बंद केलं. तो डबा अजून आमच्याच माळ्यावर आहे. खाली झोपताना मला तो दिसत नाही, पण तिथे आहे हे माहीत असतं.

दिवाळीनंतर भाऊ आला. अंगणाच्या दोन पायऱ्या चढून खांबाला धरून उभा राहिला आणि श्वास परत येईपर्यंत आमच्याकडे बघून हसत राहिला. चहा झाल्यावर त्याने यांना विचारलं, "दाजी, तिसरी वाटी कवा करायची?"

यांनी रिकामे कप उचलले.

"दोन वाट्या काय कामाच्या? दार उघडं ठिऊ. दुसरी कांडी आणू."

"तू त्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाहीस," मी म्हटलं. आवाज चढवला नाही.

तो म्हणाला, "मंग ह्ये सगळं कशापायी झालं, आक्का?"

त्याच्या त्या प्रश्नापायी यांनी आणखी चकत्या मिळवल्या आणि आम्ही तिसरी वाटी केली. ज्योत नाही, कांडी नाही. तुकडे मीच बसवले, ओट्यावर, दार-खिडक्या सताड उघड्या टाकून, दोन नळ्यांतून निघणाऱ्या चिकट लुकणाने. ते कडक होईपर्यंत वाटी उन्हात ठेवली. झाळलेल्या वाट्यांइतकी ती टिकणार नाही, हे यांना माहीत होतं. दगड झिजला की त्याची पूडही छातीत जाते, म्हणून वरून पाण्याची धार सोडली, तोंडाला मास्क लावला. यंत्र सुरू झालं तेव्हा गोटा आधी खडखडला, मग घरघरला. दिवसभर ती घरघर घरात भरून राहायची. मी मशीनवर पिको करायचे आणि मधेच पाय थांबवून, यांना खोकला तर येत नाही ना, ते ऐकायचे.

गोळा झाला. पेरूएवढा, हिरवट, मधून पांढरी रेघ गेलेली. आम्ही तो निरगुडसरला नेऊन दिला. भावाने तो तळहातावर घेतला, वजन जोखलं आणि कुठल्या वाटीने नीट काम केलं ते यांना विचारत बसला. पुन्हा दुसरा गोळा हे करतील असं मला वाटलं नव्हतं, पण सध्या शेडमध्ये तिसरा गोळा चालू आहे.

भाऊ आता दुकानात नुसता बसतो, काम गडी करतात. रविवारी त्याचा फोन येतो. पाऊसपाणी, पोरांची शाळा, उसाची तोड, सगळं सांगतो. मी हो हो म्हणते. दोन शब्दांच्या मधे तो श्वास घ्यायला थांबतो, तिकडेच माझं लक्ष असतं. गेल्या रविवारी तो एका वाक्यात दोनदा थांबला.